अर्ध्याला नकार

"भौतिकशास्त्र डावीकडे, समाजशास्त्र उजवीकडे," दारावरचा माणूस म्हणाला आणि त्यानं दोन दारं दाखवली.

नसरीननं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"आमचा प्रकल्प एकच आहे," मी म्हणाले. "दोघी मिळूनच बोलणार आहोत."

"मॅडम, मुलाखती विषयवार आहेत. तुमचा विषय कोणता?"

"वीज," नसरीन म्हणाली.

"म्हणजे इलेक्ट्रिकल. त्यांचं उद्या आहे."

"आकाशातली हो!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यानं पुन्हा आपल्या कागदात डोकं घातलं. आकाशातली वीज त्या कागदावर कुठंच नव्हती. शेवटी त्यानं माझं नाव डाव्या बाजूला शोधलं, नसरीनचं उजव्या बाजूला, आणि आमच्या दोघींच्या मधून हवा कापल्यासारखा हात फिरवून म्हणाला, "गोसावी मॅडम इकडं. इनामदार मॅडम तिकडं."

आठवडाभर आम्ही तालीम केली होती. कुठलं वाक्य तिनं सुरू करायचं, कुठं मी उचलायचं, सगळं ठरलं होतं. आणि पुण्याच्या त्या चकचकीत इमारतीत, संशोधनाला निधी देणाऱ्या ज्या मंडळानं वर्तमानपत्रात मोठी जाहिरात देऊन म्हटलं होतं की समाजापुढचे अवघड प्रश्न एका विषयाच्या चौकटीत सुटत नाहीत, म्हणून अनेक विषयांच्या लोकांनी एकत्र यावं, त्याच मंडळाच्या दारात आम्हाला वेगळं केलं जात होतं.

"जा," नसरीन म्हणाली. तिच्या ओठांवर ते तिचं तिरकं हसू होतं. "आत गेल्यावर बघू."

ही गोष्ट बरीच जुनी झाली. मी तेव्हा संभाजीनगरला वातावरणशास्त्र शिकवायचे आणि विजा मोजायचे. विजा मोजणारी आमची यंत्रं मराठवाड्यातल्या काही शाळांच्या गच्च्यांवर बसवलेली होती. ढग विजा घेऊन येतोय असं दिसलं की त्या तालुक्यातल्या लोकांच्या फोनवर इशारा जायचा. मला त्या यंत्रणेचा फार अभिमान होता. मग एका परतीच्या पावसात बोरगव्हाण नावाच्या गावी सोयाबीन काढणाऱ्या तीन बायका बाभळीखाली विजेनं गेल्या. मी आमच्या नोंदी पाहिल्या. इशारा गेला होता, तोही चांगला वेळ हाताशी ठेवून. मला वाटलं, फोनला रेंज नसेल. तेवढं बघून यावं म्हणून गेले.

तिथं बायकांच्या घोळक्यात पोत्यावर मांडी घालून नसरीन बसलेली होती. ही परभणीची. मजूर बायकांच्या जगण्यावर तिचं काम चालू होतं आणि त्या गावात तिचं वर्षभर येणं-जाणं होतं. मी मुकादमाला विचारलं, "इशारा आला नव्हता का फोनवर?"

"आलता की."

"मग वाचला नाही?"

"वाचला. मोठ्यानं वाचला."

"मग?"

तो नसरीनकडे बघायला लागला. परतताना एसटीत तिनं मला सांगितलं.

"त्या महिन्यात तुमचा इशारा जवळजवळ रोज वाजत होता. पहिल्यांदा बाया उठल्या. वीज पडली तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दुसऱ्यांदा उठल्या, तेव्हाही तेच. आणि काम सोडून उठलं की अर्धा रोज कापला जातो. मग उठायच्या बंद झाल्या."

"पण त्या दिवशीचा इशारा बरोबर होता," मी म्हणाले.

"ते त्यांनी कसं ओळखायचं?"

बस गेवराईपर्यंत पोहोचेस्तोवर मी खिडकीबाहेर बघत राहिले. इशारा कधी वाजवायचा याची एक मर्यादा आम्ही यंत्रात घालून ठेवलेली असते. ती मी ठरवली होती. एकही वीज सुटू नये म्हणून मी ती अशी ठेवली होती की जरा कुठं गडगडलं तरी अख्खा तालुका सावध व्हावा. ती वाढवली तर इशारे कमी होणार आणि खरे ठरणार, पण एखादी वीज सुटणार. किती खोटे इशारे माणूस सहन करतो आणि किती चुका त्याला परवडतात, हे ठरवायला माझं शास्त्र पुरं पडत नव्हतं. ते नसरीनला विचारता येत होतं, पण माझे आकडे हातात असतील तरच.

तिथून आमचं जमलं, आणि तिथूनच आमचे हाल सुरू झाले. विज्ञानवाल्यांनी आमचा प्रस्ताव परत पाठवला: विषय स्तुत्य आहे, परंतु समाजशास्त्राकडे पाठवावा. समाजशास्त्रवाल्यांनी कळवलं की यात यंत्रांचाच भाग मोठा आहे. एकानं सुचवलं, माणसं मरतात ना, मग आरोग्याकडे जा. आरोग्याच्या माणसानं विचारलं, यात औषध कुठंय? दोन वर्षं आम्ही चेंडूसारख्या इकडून तिकडे टोलवल्या जात होतो. म्हणून ती जाहिरात आली तेव्हा नसरीननं ती कापून आपल्या कपाटावर चिकटवली होती. तिची नोकरी कंत्राटी, ती मार्चमध्ये संपणार होती. हैदराबादला तिला कायमची जागा मिळत होती आणि तिथले लोक उत्तरासाठी थांबले होते. ती थांबली होती या मुलाखतीसाठी.

डाव्या खोलीत पाच जण बसले होते. मधोमध प्राध्यापक देवस्थळी. भौतिकशास्त्रातला मोठा माणूस, स्वभावानं सरळ.

"डॉक्टर गोसावी, यंत्र नवीन आहे का?" त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"नाही सर. यंत्रं आहेतच. प्रश्न इशारा कधी द्यायचा, याचा आहे."

"मग यात नवीन भौतिकशास्त्र काय?"

"मर्यादा ठरवणं. आणि ती ठरवायला लोक किती वेळा फुकट उठतील, हे कळायला हवं."

"ते कोण सांगणार?"

"डॉक्टर इनामदार. त्या शेजारच्या खोलीत आहेत."

"मग ते शेजारचे विचारतील," देवस्थळी म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

शेजारची खोली म्हणजे खरं तर खोली नव्हतीच. एका मोठ्या सभागृहाच्या मधोमध घड्यांची लाकडी भिंत ओढून दोन खोल्या केल्या होत्या, लग्नाच्या हॉलात करतात तशा. पलीकडचं बोलणं आरपार ऐकू येत होतं. इकडं मला यंत्राच्या अचूकतेवर छेडत असताना तिकडं कुणीतरी बाई नसरीनला विचारत होत्या, "पण मुळात हे यंत्र किती लांबची वीज पकडतं? आणि ढग गावावर यायला किती वेळ घेतो? ते कळल्याशिवाय तुमच्या मुलाखतींना अर्थ काय?"

"ते माझी सहकारी सांगेल," नसरीनचा आवाज आला.

"त्या कुठं आहेत?"

"भिंतीपलीकडे."

"मग ते इथं कसं तपासायचं आम्ही?"

माझ्यापुढं तेव्हा एक गृहस्थ मला मजुरांच्या नमुन्याची निवड कशी केली ते विचारत होते. मला उत्तर अर्धंमुर्धं येत होतं, नसरीनला पाठ होतं. माझं डोकं तापत गेलं. मी खुर्ची मागं सरकवली आणि भिंतीकडं तोंड करून खच्चून ओरडले, "शंभर किलोमीटरपर्यंत पकडतं! आणि ढग यायला पाऊण तास तरी लागतो!"

देवस्थळींनी पेन खाली ठेवलं.

मग पलीकडून नसरीन तितक्याच जोरात ओरडली, "आणि नमुना मुकादमांच्या टोळ्यांवरून निवडलाय! घरांवरून नाही! कारण उठायचं की नाही, ते टोळीत ठरतं!"

"हे काय चाललंय?" देवस्थळी म्हणाले.

तेवढ्यात मागच्या दारानं एक बाई आत आल्या. मुक्ता सरपोतदार, त्या मंडळाच्या अधिकारी. सकाळपासून त्या दोन्ही खोल्यांमध्ये चहा, पाणी, कागद बघत फिरत होत्या. पन्नाशी उलटलेल्या, साध्या, कधी मोठ्यानं न बोलणाऱ्या. त्या देवस्थळींजवळ येऊन म्हणाल्या, "सर, ही भिंत उघडली तर?"

"नियमात बसतं का?"

"नियमात असं कुठं लिहिलेलं नाही की बंदच ठेवायची."

देवस्थळींनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा भिंतीकडं. "उघडा," ते म्हणाले.

भिंत अर्ध्यावर येऊन अडकली. मी आणि मुक्ताबाईंनी इकडून ढकललं, नसरीननं तिकडून ओढलं. कशीबशी ती गेली बाजूला, आणि दोन्हीकडचे तज्ज्ञ वरपक्ष आणि वधूपक्ष समोरासमोर यावेत तसे एकमेकांकडे बघायला लागले. समाजशास्त्राच्या बाजूनं अध्यक्ष होत्या जहागीरदार बाई. त्यांनी आणि देवस्थळींनी नमस्कार केला. एकाच मंडळावर असूनही ते दोघं एकमेकांशी पहिल्यांदाच बोलत होते, हे मला तेव्हा कळलं.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही.

"शास्त्राच्या बाजूनं सांगायचं तर," देवस्थळी म्हणाले, "इशारा चुकता कामा नये. एकही वीज सुटता कामा नये."

"मग रोज भोंगा वाजवा," जहागीरदार बाई म्हणाल्या. "ऐकणार कोण?"

"ऐकायला लावणं हे तुमचं क्षेत्र."

"आणि ऐकलं नाही म्हणून जीव गेला, तर तो कुणाच्या क्षेत्रात धरायचा?"

देवस्थळींनी चष्मा काढला. मग मला म्हणाले, "मर्यादा वाढवली तर किती विजा सुटतील, हे तुम्ही सांगू शकता?"

"सांगू शकते सर. किती सुटलेल्या चालतील, हे मात्र मी एकटी ठरवू शकत नाही."

"आणि बायकांना मी ते विचारू शकते," नसरीन म्हणाली, "पण नुसतं 'किती धोका चालेल' म्हटलं तर कुणी काय सांगणार? या विभाचे आकडे घेऊन जायचं. सांगायचं, इतक्यांदा उठलात तर इतका रोज जाईल, इतक्यांदा नाही उठलात तर गावात इतक्या वर्षांत एक जीव जाईल. मग बोलतात बाया. तासन्‌तास बोलतात."

"आणि शेतमालक?" जहागीरदार बाईंनी विचारलं. "त्यांना बोलावलंय का यात?"

आम्ही बोलावलेलं नव्हतं. आमच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि ती सूचना लिहून घेतली. दहा माणसं आमच्या प्रश्नाभोवती वाकून बसली होती. देवस्थळी तर स्वतः उठून फळ्याजवळ गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला असं वाटलं की आम्ही काय म्हणतोय ते कुणाला तरी कळलंय.

बाहेर आल्यावर नसरीननं माझा हात घट्ट धरला. आम्ही खाली कँटीनमध्ये गेलो. तिनं उपमा मागवला, मी वडा. ती म्हणाली, "मी हैदराबादला नाही म्हणून कळवते."

"आधी निकाल तर येऊ दे."

"विभा, तू फळ्यावर बघितलंस का त्यांना?"

बघितलं होतं. मलाही खात्री होती.

दुपारी आम्हाला परत वर बोलावलं. भिंत पुन्हा ओढून बंद केलेली होती. बाकीचे तज्ज्ञ पुढच्या उमेदवारांकडं वळले होते. देवस्थळी एका कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटेच बसले होते. चेहरा बघूनच मी समजले.

"चर्चा उत्तम झाली," ते म्हणाले. "मनापासून सांगतो, आजच्या दिवसातली सगळ्यात चांगली. पण गुण द्यायचे कुठं? माझ्या पत्रकात रकाना आहे यंत्रातल्या नावीन्याचा. त्यात मी तुम्हाला काय देणार? जहागीरदार बाईंच्या पत्रकात आहे समाजशास्त्रीय सिद्धांताची भर. त्यांनीही हात आखडता घेतला. दोन्हींची सरासरी काढली की तुम्ही निवडीच्या रेषेखाली जाता."

"आणि एकत्र कामाचा रकाना?" नसरीननं विचारलं.

"तो नाही."

"पण योजनाच एकत्र कामाची आहे ना सर?"

"योजना आहे. रकाना नाही." ते स्वतःच ओशाळले. "हे बघा, एक मार्ग आहे. विज्ञानाच्या नेहमीच्या निधीतून यंत्रांचा भाग मी मंजूर करून घेऊ शकतो. आजच. आणखी गावांत यंत्रं बसतील. फक्त समाजशास्त्राचा भाग वगळावा लागेल. डॉक्टर इनामदारांचं नाव काढावं लागेल. संध्याकाळी यादी वर जाते. त्याआधी सांगा."

आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन उभ्या राहिलो.

"घे," नसरीन म्हणाली.

"काय घे? तुझ्याशिवाय काय करू मी त्या यंत्रांचं?"

"काहीतरी तर होईल. नाहीतर काय? पुन्हा दोन वर्षं चेंडू? तुझ्या विभागाला प्रकल्प मिळेल. मला हैदराबाद आहेच."

"अगं, आणखी यंत्रं म्हणजे आणखी इशारे. आधीच बाया उठत नाहीत."

"मग नको घेऊस!" ती भडकली. "पण मला विचारून तू माझ्या डोक्यावर ठेवू नकोस. तुझी नोकरी पक्की आहे. तुला नाही म्हणणं परवडतं. उद्या तिथं माणूस मेलं तर मी काय म्हणू, की मला माझं नाव हवं होतं म्हणून आम्ही यंत्रं नाही बसवली?"

ती खरं तेच बोलत होती. राग देवस्थळींवर काढावा तर तो माणूस वाईट नव्हता. जहागीरदार बाईही नव्हत्या. सकाळी सगळ्यांना सगळं कळलं होतं आणि दुपारी कुणाच्याच हातात काही नव्हतं. भिंतीला डोकं आपटावंसं वाटत होतं.

मुक्ताबाई जिन्यातून वर येत होत्या. आमच्याजवळ थांबल्या.

"अर्धं देऊ म्हणाले ना?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"दर वर्षी हेच होतं. दोघं-तिघं मिळून येतात, अर्धं घेऊन जातात. कुणी घरी जाऊन रडतं, कुणी एकमेकांशी बोलणं टाकतं. पण घेतात सगळेच." त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मी तीन वर्षं वर सांगतेय की पत्रक बदला, समिती एक करा. ते विचारतात, तक्रार कुठंय? प्रस्ताव आले, निधी वाटला गेला, अहवाल आले. म्हणजे योजना छान चाललीय. अर्धं घेणाऱ्या प्रत्येकानं वरच्यांना हेच सांगितलंय, की अर्ध्यानं भागतं."

"म्हणजे आम्ही नाही म्हणावं?" मी विचारलं.

"ते मी कशी सांगू? मी नोकर माणूस. एवढंच म्हणते, आजवर कुणी अर्धं परत केलेलं माझ्या बघण्यात नाही. कुणी समितीपुढं कारण सांगून नकार दिला, तर तो इतिवृत्तात घ्यावाच लागतो. मग माझ्या हातात काहीतरी येतं." त्या दोन पायऱ्या चढल्या आणि पुन्हा वळल्या. "तुमचं नुकसान होईल, तेही सांगते. लगेच काही बदलणार नाही."

त्या गेल्या. नसरीन खिडकीच्या कठड्याला टेकून उभी होती. खाली रस्त्यावर वाहनांचा गोंगाट होता. आता बोलायचा हक्क माझा नव्हता.

बऱ्याच वेळानं तिनं ओढणी सारखी केली. "चल," म्हणाली.

देवस्थळींच्या टेबलाशी तीच पुढं झाली. "सर, आम्हाला अर्धं नको."

"पुन्हा विचार करा. भावनेच्या भरात..."

"भावनेचं नाही सर. विभा, सांग."

मी सांगितलं. आणखी यंत्रं बसली की आणखी विजा पकडल्या जातील, आणखी इशारे जातील, आणि मर्यादा ठरवलेली नसल्यामुळं त्यातले बहुतेक बायकांच्या दृष्टीनं खोटे असतील. आज इशारा वाजूनही न उठणाऱ्या बाया उद्या फोनच बंद करतील. "अर्धा प्रकल्प म्हणजे निम्मा फायदा, असं नाही सर. अर्धा प्रकल्प म्हणजे तोटा. आहे त्याहून वाईट."

देवस्थळी माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. म्हणूनच सांगतो, घ्या आणि आत शिरून बदला."

"सगळे तसंच म्हणून घेतात," नसरीन म्हणाली. "आमचा नकार आणि त्याचं कारण इतिवृत्तात घ्या. तेवढी विनंती."

त्यांनी मुक्ताबाईंना हाक मारली आणि शब्द न् शब्द घ्यायला लावला. एवढं मात्र त्यांच्या नावावर जमा आहे.

त्या मार्चमध्ये नसरीन हैदराबादला गेली. माझे विभागप्रमुख माझ्याशी वर्षभर धड बोलले नाहीत. चालून आलेलं नाकारणारी बाई म्हणून माझ्याकडं लोक बोट दाखवायचे. यंत्रांचा तो अर्धा प्रकल्प पुढच्या साली दुसऱ्या कुणीतरी घेतला. यंत्रं बसली, उद्‌घाटनं झाली, इशारे दुप्पट झाले. बोरगव्हाणच्या मुकादमानं फोनचा आवाज कायमचा बंद करून टाकला, असं मला नसरीनकडून कळलं. तिला बायकांचे फोन यायचे. पावसाळा लागला की मी वर्तमानपत्र उघडायचे ते भीतभीतच. कुठल्या ना कुठल्या तालुक्यात नावं असायचीच. बहुतेक बायकांची. मी वाचायचे आणि चिडायचे, आणि चिडून करायचं काय ते कळायचं नाही. नसरीनशी फोनवर बोलताना आम्ही वीज सोडून सगळ्या विषयांवर बोलायचो.

चार वर्षांनी मुक्ताबाईंचा फोन आला. मी त्यांचा आवाज ओळखला नाही.

"आता समिती एकच आहे," त्या म्हणाल्या. "सगळे एका टेबलाशी बसतात, एकच गुण देतात, आणि तो एकत्र कामालाच असतो. पहिलं वर्ष यंत्रांना काही द्यायचं नाही, नुसतं सगळ्यांनी गावात जाऊन बसायचं आणि प्रश्न नीट ठरवायचा. त्या वर्षाचा पगारही दोन्हीकडच्या माणसांना मिळतो."

"कसं जमलं?"

"तुमचा नकार दर बैठकीत वाचून दाखवला. पहिल्या साली सगळे हसले. नंतर आणखी दोघा-तिघांनी अर्धं परत केलं. मग हसायचे थांबले. देवस्थळी सरांनी एकदा चांगलं सुनावलं सगळ्यांना." त्या थोड्या थांबल्या. "मी या महिन्यात निवृत्त होतेय. अर्ज करा एवढं सांगायला फोन केला."

मी नसरीनला फोन लावला. तिचं तिकडं बस्तान बसलं होतं, मूल झालं होतं, हाताखाली विद्यार्थी होते. मी म्हणाले, "जमत नसेल तर राहू दे."

"गप्प बस," ती म्हणाली. "कधी निघायचं?"

आम्ही वर्षभर बोरगव्हाणात आणि आसपासच्या गावांत बसलो. बायका, मुकादम आणि जहागीरदार बाई म्हणाल्या होत्या तसे शेतमालकही बोलावले. भांडणं झाली, दोन बैठका उधळल्या. शेवटी असं ठरलं की आठवड्यातून फार तर दोनदा उठायचं, त्याहून जास्त इशारा वाजवायचाच नाही, मग एखादी वीज सुटली तरी चालेल. हे बायकांनी डोळे उघडे ठेवून ठरवलं. आणि उठलं म्हणून रोज कापायचा नाही, हे मालकांनी कुरकुरत मान्य केलं. त्यावरून मी यंत्रातली मर्यादा बदलली.

मग एका दुपारी, सोयाबीनची काढणी चालू असताना, आम्ही दोघी तिथंच असताना इशारा वाजला. मुकादमानं हाक दिली. क्षणभर कुणीच हललं नाही. मग एकीनं विळा खाली ठेवला. दुसरीनं ठेवला. टोळीच्या टोळी बडबडत, हसत रस्त्याकडेच्या शाळेच्या पक्क्या खोलीत येऊन बसली. मुकादमही आला.

आभाळ काळं झालं, वारा सुटला, लांब गडगडलं. आमच्या शिवारात काही पडलं नाही. मी सारखी दाराशी जाऊन आकाश बघत होते. नसरीन नखं खात होती. खोटा ठरला तर पुढच्या खेपेला या उठतील का?

"कशाला येरझाऱ्या घालतीस?" गयाबाई नावाची एक म्हातारी मला म्हणाली. तिनं पानाची चंची सोडली होती. "न्हाई पडली तर बरंच की. टेकायला मिळालं. फिरून वाजलं तर फिरून येऊ."

मी तिच्याशेजारी खाली बसले. नसरीनही आली. गयाबाईनं पानाला चुना लावला, आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "येवढं सोपं व्हतं तर मदी चार-पाच वर्सं कुठं गेलता गं तुमी? माझी जाऊ गेली त्या मदल्या सालात. त्या तिकडच्या शिवारात."

काय सांगणार? समित्या, पत्रकं, रकाने, सरासरी.

"आम्हाला एकत्र बसू देत नव्हते, मावशी," नसरीन म्हणाली.

गयाबाईचा चुन्याचा हात थांबला. तिनं नसरीनच्या ओढणीकडं पाहिलं, माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं पाहिलं, आणि तिला सगळं उमगल्यासारखी तिनं मान हलवली.

"जातीपायी?"

नसरीननं माझ्याकडं पाहिलं. हसावं की रडावं ते आम्हा दोघींनाही कळत नव्हतं.

"व्हय मावशी," ती म्हणाली. "जातीपायीच."

"शिकलेल्या लोकांत बी हाय म्हणा की हे," गयाबाई म्हणाली, आणि तिनं ते पान मधोमध फाडून आमच्या दोघींच्या हातावर ठेवलं.